सदतिसावा टेक

"तू फक्त डब्यावर आकडा लिही. मत देऊ नकोस." दादाच्या बँडचं रेकॉर्डिंग होतं; स्टुडिओत त्याने मला असं बजावलं होतं. मी निमूटपणे टेपच्या डब्यांवर लिहीत गेले. टेक एक, टेक दोन, असे एकाच गाण्याचे सदतीस.

गाणं ड्रमरचं होतं, शब्दांसकट. त्याची आई दवाखान्यात होती आणि 'थांब, मी आलोच' हे तो तिलाच म्हणत होता. पुढे हेच शब्द मोर्चांतून सरकारला ऐकवले गेले. एका प्राध्यापकांनी त्या 'थांब'वर चाळीस पानं लिहिली. त्यात काळ होता, क्रांती होती, आई तेवढी नव्हती.

पहिला टेक झाल्यावर ड्रमर काठ्या पिशवीत घालून उठला. दादा म्हणाला, अजून एकदा. मग प्रत्येक वेळी हेच. कधी गिटार वरचढ झाली, कधी दादाचा घसा बसला. मधेच गिटारवाला रुसला, त्याची समजूत काढण्यात तास गेला. सदतिसाव्यानंतर ड्रमर धावतच गेला. आई थांबली नव्हती.

रेकॉर्ड निघाली ती पहिल्या टेकची. कारखान्यात जाणारी टेप मीच बांधून दिली, म्हणून मला ठाऊक. जगाला मात्र दादाने सदतिसावा सांगितला. मेहनतीची गोष्ट लोकांना फार गोड लागते. खोटं न बोलण्याचा माझा रोजचा नेम. पण कुणी विचारलंच नाही तर गप्प राहणं म्हणजे खोटं नव्हे, अशी पळवाट मी देवासमोर बसूनच शोधली.

शेवटच्या आजारात दादाने माझ्याकडून वचन घेतलं, "मी गेल्यावर ड्रमरला खरं सांग." जिवंतपणी अपराध त्याचा, मेल्यावर निरोप माझा.

दादा गेल्यावर ड्रमर भेटायला आला. म्हणाला, "ताई, आईजवळ नव्हतो, ही टोचणी आहेच. पण तो शेवटचा टेक कामी आला, एवढ्यावर मी उभा आहे."

मी त्याला चहात साखर किती, ते विचारलं.

जाताना तो म्हणाला, रविवारी रेडिओवर हेच सांगणार आहे, नक्की ऐका.

शनिवारी दुपारी पोथी आटोपून मी चपला घातल्या. सुनेने विचारलं, कुठे? ड्रमरकडे, म्हटलं. जेवायला थांबू नका.