छकुलीच्या नावाचा रोडगा

पुष्पाबाईंनी धगधगत्या गोवऱ्यांची राख काडीने बाजूला सारली आणि भाजलेला गव्हाच्या कणकेचा रोडगा फडक्यावर ओढला. या हातातून त्या हातात झेलत त्यांनी तो झटकला. राख उडाली, तशी मारुतीसमोर निंबाखाली बसलेल्या सुवर्णाने लेकीला, छकुलीला, जवळ ओढलं. सकाळपासून सासूने पोरीला एकदाही हात लावला नव्हता. ती दोनदा बिलगायला गेली, तर पिठाचे हात मागे घेऊन त्या सरकल्या होत्या. पोरीसाठी वेगळा डबा आणल्याचा राग असणारच, सुवर्णाला वाटलं.

नवस पुष्पाबाईंनीच बोलला होता. तेव्हा छकुलीचं पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या होते. पोर सुधरली तर मारुतीला रोडगे करीन, पहिला घास तीच खाईल. पुढे खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी दुखणं ओळखलं. गहू बंद झाला आणि पोरीने बाळसं धरलं. देव पावला होता, आणि नवस फेडायचा होता गव्हानेच.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सगळ्यांच्याच मरतात, चार-पाच दिवसांत झडून जातात, खालून नव्या येतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. छकुलीने गहू खाल्ला की तिचं शरीर त्या अस्तरावरच उलटतं. नव्या तयार व्हायच्या आत जुन्या झडतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

"म्हंजे पातेगळ," सासरे शेषराव म्हणाले होते. "कपाशीचं थोडं पातं, कळ्या म्हना, गळतेच. सारंच गळलं तं बोंडं कुठून येतीन?"

डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हे रक्तातून येतं. पुष्पाबाई तेव्हा छकुलीची चप्पल शोधायला बाकाखाली वाकल्या होत्या.

"काऊन व सुवर्णे," शेजारची जनकाबाई पत्रावळी मांडता मांडता म्हणाली, "नवस पोरीचा, अन् तेच दूर?"

"तिले गहू चालत नाही, काकू. भाकरीचा डबा आणला."

"घासभरानं का होते? आमच्या वक्ती असे दुखणे नव्हते बाई."

"होते," पुष्पाबाई मान वर न करता म्हणाल्या. "नाव नव्हतं त्याईले."

सुवर्णाने नवऱ्याकडे पाहिलं. गणेश वरण ढवळत होता; ढवळतच राहिला. घास पोरीच्या तोंडाशी आला, तर तिला उचलायचं आणि थेट बसस्टँड गाठायचा, हे तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं.

"छकुले, इकडं ये," पुष्पाबाईंनी हाक मारली.

सुवर्णा उठली. "आत्याबाई, मी नाही खाऊ देणार."

"बस तू."

छकुली मारुतीपुढे हात जोडून उभी राहिली. पुष्पाबाईंनी रोडगा कुस्करला, वर तुपाची धार सोडली, घास उचलला आणि स्वतःच्याच तोंडात घातला.

"नात माही, रक्त माहं," त्या म्हणाल्या. "तिच्या नावाचा म्या खाल्ला."

"असं चालते का?" जनकाबाईने विचारलं.

"देवाले इचारलं. तो काही नाही म्हणला नाही."

हशा पिकला. सुवर्णा खाली बसली. पुष्पाबाई घोटभर पाण्याबरोबर घास उतरवत होत्या. त्यांची मनगटं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांसारखी होती. लग्नाच्या पंगतीतही फडक्यात बांधून आणलेली भाकर खाणारी सासू. "जुन्या मानसाले भाकरच बरी," म्हणायची. गहू वाचवते, चिंगूस आहे, असं सुवर्णाने माहेरी सांगितलं होतं. आणि दर दिवाळीला करंज्या-शंकरपाळे खाल्ल्यावर पहाटेपासून तांब्या घेऊन त्यांच्या होणाऱ्या खेपा. पोरं मागून मोजायची, हसायची. सुवर्णाही हसली होती.

पुष्पाबाईंनी दुसरा घास उचलला. रोडगा अख्खा संपवायचा होता.

सुवर्णा डबा घेऊन त्यांच्याजवळ गेली. तिने त्यांच्या पुढ्यातली पत्रावळ आपल्याकडे ओढली, दुसरी मांडली आणि त्यावर ज्वारीची अर्धी भाकर ठेवली.

"उरलेला माह्याकडं द्या, आत्याबाई."

"नवस हाय वं."

"फिटला." सुवर्णाने त्यांच्या बोटांतला घास काढून घेतला. "सोमवारी खामगावले जाऊ. तिघी."

पुष्पाबाईंनी भाकरीकडे पाहिलं. मग उठून हौदावर गेल्या. राखेने घासून घासून त्यांनी हात धुतले, नखांतलं पीठ कोरून काढलं, पुन्हा धुतले. आणि परत येऊन छकुलीला मांडीवर घेतलं.