दुसरा मुकादम

मी रफू करते. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो की शालीला उंदराने पाडलेलं भगदाड, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा, भिंग लावायचं आणि एकेक ताणा-बाणा पुन्हा भरायचा. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून बघतं आणि विचारतं, "कुठे होतं हो?" हा प्रश्न ऐकायची मला चटक लागली. त्या चटकेनेच माझा घात केला.

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. ती तिच्या वडिलांकडे आणि त्यांच्या नव्या बायकोकडे राहते. कुणाकडे राहायचं असं कोर्टात विचारलं, तेव्हा तिने बापाचं नाव घेतलं. ज्या माणसाने घर सोडलं त्याचं! का, ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या वाट्याला रविवार आला, अकरा ते पाच.

सुरुवातीचे रविवार ती मोबाईलमध्ये मान घालून बसायची. जेवलीस का, हो. शाळा, बरी. एकदा कंटाळून तिने कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर लावला आणि तिचा लहानपणचा गेम सापडला. ठोकळ्यांचं एक जग. डोंगर, तळी, जंगलं आणि त्यात हिंडणारी रानटी जनावरं. ती शोधायची, हाडं-बिडं खायला घालून माणसाळवायची, घरी आणायची. जिंकणं-हरणं काही नाही. दुसरी खुर्ची ओढून मीही बसले.

"आई, आधी तलवार खाली ठेव. हातात तलवार बघून कोण जवळ येईल?"

"मग हाड कुठल्या हाताने टाकू?"

"तिथे एकच हात आहे गं तुला!"

घोड्याने मला अकरा वेळा पाडलं. तो पाडतो, आपण पुन्हा चढायचं, त्याला कंटाळा आला की तो आपला. अकराव्या वेळी मी तोंडावर आपटले तेव्हा लेकीला हसता हसता उचकी लागली. माझ्या घरात कुणी हसल्याला दीड वर्ष झालं होतं.

मग लांडगा. बर्फाच्या जंगलात तांबूस लांडगा क्वचित दिसतो म्हणे. सात रविवार आम्ही ते जंगल पालथं घातलं. सापडला तेव्हा सात हाडं खाऊन पाठ फिरवली पठ्ठ्याने. आठव्या हाडाला खाली बसला आणि लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. आमच्या मागून काम तपासल्यासारखा चालायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम.

पाच वाजता निघताना ती त्याला दाराशी बसवून जायची. बसवलेलं जनावर उठवेपर्यंत जागचं हलत नाही.

"मी नसताना त्याला उठवू नकोस हं," ती बजावायची. "बसलेला आहे तोवर त्याला काही होत नाही."

दर रविवारी उंबऱ्यातूनच पहिला प्रश्न, "मुकादम कसा आहे?" माझी चौकशी नंतर, आठवलं तर. जळफळाट व्हायचा माझा. पण लेक त्याच्यासाठी येते, एवढं मला कळून चुकलं होतं. तो होता म्हणून मला रविवार होता.

एका मंगळवारी दुकानात जायच्या आधी मी ते जग उघडलं. मुकादम दाराकडे तोंड करून बसलेला. रविवार ते रविवार नुसता बसलेला. जग बंद असलं की तिथे वेळही थांबतो, असं लेकीने सांगितलं होतं. ते डोक्यात शिरलं होतं, मनात नव्हतं. मला ते बघवेना. असं दाराकडे बघत बसणं काय असतं, ते मला विचारा. मी त्याला उठवलं.

तो मागे मागे आला. कड्यावरून तळं दिसत होतं. माझं बोट चुकलं आणि मी खाली पडले ती थेट पाण्यात, मला काही झालं नाही. पण माणसाळलेलं जनावर आपल्या माणसाच्या मागे उडी घेतं. तो खडकावर पडला. पडद्याच्या तळाशी एक ओळ आली: मुकादम मेला.

फोन करून सांगता आलं असतं. लेक रडली असती, चिडली असती, चार दिवस बोलली नसती. एवढंच. पण मी सांगितलं नाही. मी रफू करायला घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बर्फाचं जंगल धुंडाळलं आणि तसाच तांबूस लांडगा मिळवला. बारा हाडं खाल्ली त्याने. तेच नाव, गळ्यात तसाच निळा पट्टा, दाराशी त्याच ठोकळ्यावर, तोंड दाराकडे. भिंग लावल्यासारखं सगळं तपासलं. कुठे होतं हो? खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

रविवारी लेक आली. "मुकादम कसा आहे?"

"असणार कसा? बसलाय."

तिने त्याच्यावर दोनदा टिचकी मारली. एक पाटी उघडली. अशी काही पाटी असते, हे मला ठाऊकच नव्हतं. नाव: मुकादम. सोबत: चार दिवस. जनावर घरी आणलं त्या तारखेपासूनचे आपले खरे दिवस त्यात मोजलेले.

तिने पाटी मिटली आणि पुन्हा उघडली.

"आई, मुकादम कुठे आहे?"

"हा काय समोर. गेम बिघडला असेल, जुनाच आहे तो." जीभ आपोआप वळली. तिला सवयच होती.

"बाबा दौऱ्यावर गेलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "वर्षभर हेच सांगत होतीस तू मला. त्यांचे शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात लावायचीस. मी शाळेतून आले की कपाट उघडं ठेवायचीस, मला दिसावं म्हणून. ते निघून गेले याचं मला वाईट वाटलंच. पण त्या शर्टांना मी वर्षभर फसले ना गं."

 कोर्टात तिने बापाचं नाव का घेतलं, ते मला त्या दिवशी कळलं.

"तू त्याच्यासाठी येतेस," मी कशीबशी म्हणाले. "तो नसता तर तू आली नसतीस."

"त्याच्यासाठी? अगं, हे अख्खं जग मी केव्हाच पेनड्राईव्हवर बाबांकडे नेलंय. मुकादम तिथेही आहे." तिचे डोळे भरून आले. "रविवारी तिकडे त्यांचे काही ना काही बेत असतात. तुझ्याकडे येता यावं म्हणून मी त्यांना सांगायचे, मुकादम आईकडे आहे, मला जावंच लागेल."

अडीच वाजता ती गेली. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही, नंतरच्या एकाही नाही. फोन केला की तिकडची बाई अगदी गोड आवाजात सांगते, ती जरा बाहेर गेलीय. खोटं मला आवाजावरून कळतं, पण मी कुठल्या तोंडाने बोलणार?

मी रोज सकाळी ते जग उघडते. या मुकादमाला उठवते, कड्यापासून लांब एक फेरी मारून आणते आणि पुन्हा दाराशी बसवते. काल मीही दोनदा टिचकी मारून बघितली. सोबत: एकेचाळीस दिवस. हे तरी खरं आहे, असं लेकीला कळवावंसं वाटलं. पण माझ्याकडून आलेलं ती का म्हणून खरं मानेल?