उठून गेल्यावरचा भाव

गुंडू हेडी म्हातारपणी पुन्हा बाजारात उतरला, तोही कॉटवर बसल्या बसल्या.

हा गुंडू म्हणजे निशिगंधाचा सासरा. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी; उभी हयात त्यांनी वडगावच्या बाजारात म्हशींचे सौदे करण्यात घालवली. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव करायचा आणि पटला नाही तर टोपी सारखी करून सरळ चालू लागायचं, ही त्यांची रीत. चार पावलं गेलं की मागून हाक यायचीच. खरा हेडी पाठीनं भाव करतो, असं ते म्हणत. पण मागच्या साली गोठ्यात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि कसबा बावड्यातल्या त्या गोठ्यातल्या म्हशी विकाव्या लागल्या. आलेल्या पैशातले काही आबांनी बँकेत वेगळे ठेवले. पाय धरला, चालता झाला की एक म्हैस घ्यायची, बाजारात स्वतः उभं राहून. त्या पैशाला घरात कुणी हात लावत नसे. सासूबाई, बाळाबाई, तोंडाच्या फटकळ; पण त्यांनीसुद्धा दिवाळीत त्या पैशाचं नाव काढलं नाही.

बापाचा वेळ जावा म्हणून यशराजनं, म्हणजे निशिगंधाच्या नवऱ्यानं, मोबाइलवर एक खेळ घालून दिला. खेळात गोठा होता. म्हशी पाळायच्या, धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं. पोरंसोरं खेळतात तसाच, पण आबा त्यात जीव ओतून बसले. म्हशी मात्र खेळाला जोडलेल्या ऑनलाइन बाजारातून घ्यायच्या आणि तिथं खरे रुपये पडत.

एके दिवशी सकाळी आबांनी सगळ्या घराला सोप्यात, म्हणजे त्यांची कॉट होती त्या बाहेरच्या खोलीत, बोलावलं. चेहरा असा, की पंचगंगेला पूर येऊन ओसरला तरी गोठा जागच्या जागी आहे. पडद्यावर काळीभोर मुऱ्हा म्हैस उभी होती. सौदा कसा झाला ते त्यांनी बैजवार सांगितलं. म्हशीवर चौदाशे नव्व्याण्णव लिहून त्यावर काट मारलेली आणि खाली पाचशे नव्व्याण्णव. आबांनी पाहिलं आणि काही न बोलता खेळ बंद केला. म्हणजे उठून चालायलाच लागले. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. थांबा की पावणं, असं रागानं जाऊ नका, तुमच्यासाठी तीनशे नव्व्याण्णव. आबांनी तेही वाचून मोबाइल उशीखाली सारला. परत वाजला.

"काय आलं म्हाईत हाय?" आबा म्हणाले. "तुमचंबी ऱ्हाऊ द्या, आमचंबी ऱ्हाऊ द्या, दोनशे नव्व्याण्णवला दावं सोडा. बघ पोरी, पलीकडं कोण तरी जाणकार बसलाय. बाजार उठला म्हणत्यात, पर न्हाय उठला."

बाळाबाई चुलीकडं जाता जाता म्हणाल्या, "गवऱ्या लावायला श्याण तरी पडतंय व्हय हिचं?"

सगळे हसले. निशिगंधालाही हसावं लागलं. पण पलीकडं बसलेला तो जाणकार म्हणजे तीच होती.

लेक सहा महिन्यांची झाल्यावर तिनं घरबसल्या हे काम धरलं होतं. खेळांमधल्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीसाठी गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायच्या ओळी लिहायच्या. गिऱ्हाईक बाजार बंद करून निघालं तर त्याला काय म्हणायचं, असं कंपनीनं विचारलं तेव्हा तिला सोप्यात गिऱ्हाइकांशी चालणारं आबांचं बोलणं आठवलं. लग्न होऊन आल्यापासून चहाचे कप धरून उंबऱ्यात उभी राहून तिनं हेच तर ऐकलं होतं. तिनं ते जसंच्या तसं लिहून दिलं. कंपनीत वाहवा झाली. ओळी कुठल्या मालाला चिकटतात, ते तिनं विचारलं नाही. दुपारी लेक झोपली की तेवढाच काय तो वेळ हाती असायचा. आणि ती लिहीत असताना लेक उठू नये म्हणून पाळण्याची दोरी कॉटवरून कोण ओढायचं? आबाच.

त्या दुपारी तिनं कंपनीचा भावांचा तक्ता उघडला. म्हैस चौदाशे नव्व्याण्णवला कधी विकलीच गेली नव्हती, एक दिवसही नाही. तो आकडा काट मारण्यापुरताच जन्माला आला होता. ठरलेला भाव दोनशे नव्व्याण्णव. जो कोणी दोनदा बंद करेल त्याला तो मिळायचा, मग तो हेडी असो की शेंबडं पोर. जो पहिल्याच भावाला भुलेल त्याच्याकडून पाचशे नव्व्याण्णव घ्यायचे. आणि खरी कमाई पुढंच होती. म्हशीला रोज वैरण लागे, ती वेगळी विकत, आणि हे घेण्याआधी कुठंही लिहिलेलं नव्हतं. वैरण नाही घातली की म्हैस पडद्यावर खाली बसायची आणि मान टाकायची.

आबांना म्हशीनं मान टाकलेली बघवणं शक्यच नव्हतं.

आठवड्याभरात गोठ्यात आणखी म्हशी आल्या. प्रत्येकीचा सौदा आबा रंगवून सांगायचे. गल्लीतली म्हातारी माणसं संध्याकाळी पायरीवर बसून ऐकायची. आबा आता काठी धरून सोप्यातून पायरीपर्यंत यायला लागले होते. पाय धरत होता आणि खऱ्या म्हशीसाठी राखलेला पैसा वैरणीला चालला होता. निशिगंधानं एकदा हळूच बँकेचा विषय काढला. सौद्यात थोडं घालावंच लागतं, म्हणून आबांनी तिला उडवून लावलं.

तिनं उदयसिंह सरांना फोन केला. हे तिचे वरचे साहेब. मूळचे कागलचे, आता बेंगळुरात. माणूस गोड. तिनं म्हटलं, काट मारलेला खोटा आकडा काढा आणि वैरणीचा खर्च म्हशीच्या किमतीशेजारी दाखवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. असल्या फसव्या किमतींवर सरकारचे नियम आलेत ते त्यांना ठाऊक होते. त्यावर वकिलांशी बोलणं चालू आहे, म्हणाले.

"सर, ती किंमत खोटी आहे."

"मॅडम, किंमत कोण बघतंय? आपण जिंकलो असं गिऱ्हाइकाला वाटतं. आपण तेवढंच विकतो. आणि तुमच्या ओळींनी ते फार सुंदर वाटतं."

तिला वाटलं, कुणी तरी आपल्या कडेवरचं मूल काढून घेतलं आणि वर आपलंच कौतुक केलं.

मग तिनं सरकारच्या ग्राहक मदत केंद्राकडं तक्रार केली. खातं आबांचं, म्हणून तक्रारही आबांच्या नावानं. आबा दुपारचे डोळा लावून पडले असताना तक्रार नोंदवायला त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा तिनं गुपचूप उतरवून घेतला. लाज वाटली. पण सांगितलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं; हेडी कधी तक्रार करत नाही.

दहा-बारा दिवसांनी कंपनीकडून तिला काम आलं. कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाची मराठीत तक्रार आहे, तिला मराठीतच उत्तर द्यायचंय. नाव, गुंडू. मजकूर तिचाच, तिच्याच काना-मात्रांसह. उत्तरात काय हवं तेही खाली दिलं होतं: किमती गिऱ्हाइकाच्या संमतीनंच ठरतात, पैसे परत मिळणार नाहीत, सदिच्छा म्हणून काही दिवसांची वैरण फुकट.

लेक मांडीवर होती, दूध पीत होती. निशिगंधानं एका हातानं लिहायला घेतलं. आधी सांगितलं तसंच लिहिलं. वाचलं. फार छान जमलं होतं. कुणाचाही राग विरघळला असता. तिनं ते पुसलं आणि परत लिहिलं. ही म्हैस चौदाशे नव्व्याण्णव रुपयांना कधीही विकली गेलेली नाही. दोनदा बंद करणाऱ्या प्रत्येकाला हाच भाव येतो. वैरणीचा खर्च विक्रीआधी सांगितलेला नाही. खाली कंपनीचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. उदयसिंह सरांनी ते न वाचताच पुढं धाडलं. तिच्या मराठीवर त्यांचा विश्वास होता.

पुढचं झटपट झालं. लेखी कबुलीच हातून गेल्यावर कंपनीनं बोभाटा नको म्हणून आबांचे सगळे पैसे परत केले. सरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. "मला एकदा सांगायचं तरी," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिचा लॅपटॉप कंपनीच्या खात्यात शिरेना. बाजार चालूच होता. म्हशीवरची काट जरा बारीक केली होती, बाकी सगळं तसंच. थांबा की पावणं हेही तसंच. त्या ओळी कंपनीच्या मालकीच्या होत्या.

आबांच्या मोबाइलवर ते उत्तर आलं तेव्हा ते पायरीवर बसले होते. चष्मा लावून त्यांनी एकेक अक्षर वाचलं. मग तिला हाक मारली.

"म्हंजे दोनशे नव्व्याण्णव सगळ्यांलाच?"

"व्हय, आबा."

"त्या गल्लीतल्या आकारामच्या शेंबड्या नातवालाबी?"

तिनं मान हलवली. आबांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"आन् ते पावणं-बिवणं? मशिन बोलतंय व्हय तसं?"

यंत्रच बोलतं म्हणून सांगता आलं असतं.  तरी ती म्हणाली, "मी लिहिलंय. तुमचंच ऐकून."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. राग असता तर तिला सोसला असता. त्या नजरेत मोजमाप होतं, नवख्या व्यापाऱ्याला पहिल्यांदा बघावं तसं.

"ब्येस लिवलंयस," ते म्हणाले. "मला वळखूबी आलं न्हाय." आणि काठी टेकत आत गेले.

त्या दिवसापासून गल्लीतली म्हातारी माणसं पायरीवर यायची, बसायची, उठून जायची. आबा सोप्यात भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. दुपारी लेक रडली तर पाळण्याची दोरी तेच ओढायचे, पण निशिगंधाशी बोलणं कामापुरतं. बाळाबाईंनी सुनेला काही विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "पैसं वाचवलंस खरं."

पाय मात्र बरा झाला. पैसा बँकेत होता तसाच. शेवटी यशराजनंच विषय काढला. वडगावला चांगली दुभती म्हैस आलीय, जायला गाडी सांगून ठेवलीय, आबा, चला. आबा उठले नाहीत. तूच जा म्हणाले.

यशराज दारात घोटाळला. "मला कुठं जमतंय भाव करायला? किती म्हणू?"

आबांनी कूस बदलली.

"मागतील तेवढं दिऊन टाक," ते म्हणाले.