नमुना स्वतः आणावा

पीएचडीची फेलोशिप मिळाली त्याच आठवड्यात मी माझ्या बायकोला ताणयंत्रात लावलं. फी माफ, दरमहा विद्यावेतन, राहायला खोली; अट एकच, नमुना स्वतः आणावा. बाकीच्यांनी पोलादाच्या कांबी आणल्या होत्या. माझ्याकडे स्वरूपाच होती.

जमिनीवरच्या पट्ट्यात मी तिची पावलं अडकवली. हात वर करून तिने दोरीची मूठ धरली. दोरी छताजवळच्या कप्पीवरून मागे उतरत होती, तिला मी वजनं लावली.

"दुखत नाहीये," ती म्हणाली. "थोडे दिवसच ना?"

"रीडिंग संपेपर्यंत."

माझा विषय अगदी सरळ आहे. सतत भार ठेवला की वस्तू हळूहळू लांबत जाते. ती किती लांबली ते मी मोजतो. रोज सकाळी चहाचा कप तिच्या ओठांना लावायचो, मग पट्टी. आधी ती माझ्या खांद्याला लागायची. काही महिन्यांनी आमचे डोळे समोरासमोर आले. ते दिवस फार चांगले गेले. मग मी स्टूल आणलं.

"सांगलीच्या शाळेने परत विचारलंय," ती एकदा वरून म्हणाली. "शिक्षिकेची जागा अजून रिकामी आहे. जाऊ का?"

"आता सोडलं तर सगळं मुसळ केरात जाईल गं."

तिने मूठ पुन्हा नीट धरली. पुढच्या महिन्यात मी शिडी आणली.

माझे गाइड भडसावळे सर येऊन आकडे बघून गेले. "उत्तम नमुना आहे. कुरकुर नाही. मुदतवाढ घेऊन टाक."

"सर, ती माझी बायको आहे."

"हो, हो. माझीही होती."

मुदतवाढ मिळाली. मी विभागात पेढे वाटले. त्या पेढ्यांची मला अजून लाज वाटते.

छत आड यायला लागलं तेव्हा कप्पी वर नेऊन छपरातली उजेडाची काच काढावी लागली. एका दुपारी मी शिडीच्या टोकावरून कप पुढे केला.

"ठेव तिथेच," ती म्हणाली.

तिथे ठेवायला काही नव्हतं. मी खाली उतरलो आणि सगळी वजनं काढून टाकली.

भार काढला की वस्तू जराशी आखडते. बाकीची लांबी तशीच राहते. हे मीच सिद्ध केलं होतं. ती बोटभर आखडली आणि थांबली.

"स्वरूपा, चल," मी ओरडलो. "सांगलीला जाऊ. मी हे सगळं सोडतो. चुकलंच माझं."

खांद्यापर्यंत ती छताबाहेर होती. पावलं मात्र लग्नात होती तेवढीच होती. मी पट्टा सोडला, तिच्या चपला आणल्या आणि खाली बसून डावी चप्पल पायात सरकवली. वर उन्हात ती कोणाशी तरी हसून बोलत होती. शब्द कळत नव्हते. उजवी चप्पल घेऊन मी हात पुढे केला, तर उजवा पाय जमिनीवर नव्हता.