उत्तरेची भिंत

मी जर्मनीच्या हेसे प्रांतातल्या एका गावातले जुने घर आहे, मित्रांनो. माझा सांगाडा ओकच्या तुळयांचा आहे आणि मधले चौकोन कुडाचे, गवत कालवलेल्या मातीने लिंपलेले. अडीचशे वर्षे पाऊस मला भिजवायचा आणि वारा वाळवायचा. माझी काहीच तक्रार नव्हती.

मग उघड्या तुळया म्हणजे दारिद्र्याचे प्रदर्शन, असे सगळ्या गल्लीला वाटू लागले. माझे मालक ओटमार तेव्हा तरुण होते. सलग चार शनिवार खपून त्यांनी मला सिमेंटचा गिलावा केला. शेजारी बिअर पिऊन, वाहवा करून गेले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाटच उरली नाही. साठ वर्षे मी आतून कुजत आहे आणि लोक म्हणतात, काय टापटीप घर आहे.

यंदा ओटमारांची नात मला राहण्याजोगे करायला आली; तिचे नाव गेझीने. नवी न्हाणी झाली, फरशीखाली ऊब आली. सुतार फेल्टनने उत्तरेच्या भिंतीचा थोडा गिलावा उडवला आणि पायथ्याच्या तुळईत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"ही तुळई नाही, भिजलेला केक आहे," फेल्टन म्हणाला. "चारही भिंतींचं सिमेंट काढा, या भिंतीचा ओक बदला, वर माती लावा. नाहीतर ही बसलीच म्हणून समजा."

अंगणात खुर्चीवर बसलेले ओटमार उसळले. "माझ्या हातचं काम आहे ते. एक भेग दाखव."

"भेग नाही हेच तर दुखणं आहे, आजोबा," गेझीने म्हणाली.

"सगळी गल्ली चुकली आणि काल आलेली तू शहाणी? बाकीच्या भिंतींचं काय हवं ते करा. ही मी मेल्यावर फोडा."

नातीने फेल्टनला बाजूला घेतले. मग ती त्याला हळूच म्हणाली, "राहू दे. नव्वदीचं माणूस आहे. तोवर टेकू लावून ठेव, हिच्यामागची खोली आम्ही बंद ठेवू."

"तुळईला कुणाचं वय कळत नाही, बाई," फेल्टन पुटपुटला.

तीन भिंतींना माती मिळाली. चौथीला टेकू मिळाला, आणि उडवलेल्या जागी सिमेंटचे ठिगळ. ते ओटमारांनी स्वतः लावले. माझा इतका संताप झाला, पण घराला ओरडता कुठे येते?

मित्रांनो, आपल्या माणसाच्या चुकीवर मायेचा गिलावा करू नका. दुखले तरी वेळेवर सांगा. ओटमार रोज काठी टेकत येतात आणि त्या भिंतीवरून कौतुकाने हात फिरवतात. त्यांना उदंड आयुष्य लाभो, असे मला मनापासून म्हणायचे आहे, पण म्हणवत नाही.