अर्ध्यावरून परतणारी माणसे

ज्याच्यावर उभे राहून तुम्ही खाली नदीत वाकून बघता, पण ज्याच्याकडे मात्र कधी वळून बघत नाही, असा मी एक जुना पूल आहे, मित्रांनो. त्याबद्दल माझा रुसवा नाही. पूल हा बघत बसण्यासाठी नसतोच. लोक पार झाले की त्याचे काम झाले.

माझे पाय दगडाचे आणि पाठ लोखंडाची. कारागिरांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून आधी माझे खांब रचले, मग त्यांवर तुळया चढवल्या. एक जण तुळया जोडायचा खिळा, म्हणजे रिव्हेट, भट्टीत लालबुंद करायचा आणि चिमट्याने वर भिरकवायचा. वरचा गडी तो बादलीत झेलायचा. एखादा हुकलाच तर तो नदीत पडून चर्र करून विझायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. मी बांधून झालो तेव्हा मोठी भाषणे झाली. ‘हा पूल आपल्या नातवंडांना खांद्यावर घेईल,’ असे कोणीतरी म्हणाले होते. ते मात्र खरे ठरले.

बांधणाऱ्यांनी मधल्या खांबावर माझा कठडा थोडा बाहेर काढून एक छोटा सज्जा ठेवला होता. समोरून गाडी आली तर चालणाऱ्याला अंग चोरून उभे राहता यावे, एवढाच त्याचा हेतू. पण लोकांनी त्या सज्ज्याचे भलतेच काही करून ठेवले.

झाले असे की शहर दोन्ही काठांवर वाढले आणि नाती मधोमध चिरली गेली. एकीचे माहेर या काठाला तर सासर त्या काठाला. मग हळूहळू एक रीतच पडली, ‘अर्धे तू ये, अर्धे मी येते.’ कोणी कोणाच्या घरापर्यंत जायचे नाही. सज्ज्यात भेटायचे, जे द्यायचे ते द्यायचे आणि आपापल्या काठाला परत फिरायचे. डबे, किल्ल्या, शिवून झालेले कपडे, सगळे इथेच हातपालट व्हायचे. दोन भाऊ तर वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. पण वडिलांच्या औषधाची पिशवी एक जण सज्ज्यात टेकवायचा, नदीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि दुसरा ती उचलून न्यायचा. अबोला दोघांनी निभावला आणि वडीलही निभावले.

मीही निभावतच होतो. पण गाड्या जड होत गेल्या. रंग लावणारे यायचे ते दिसणाऱ्या बाजूला रंग फासून जायचे, आणि न दिसणाऱ्या बाजूला गंज आपला संसार मांडायचा. एका खांबाच्या फटीत झाड रुजले. लोक म्हणाले, ‘किती छान हिरवं दिसतंय!’ त्याची मुळे माझ्या दगडांत काय करत होती ते मलाच ठाऊक. पुढेपुढे मोठी गाडी गेली की माझी पाठ कण्हू लागली, आणि खालून जाणारे नावाडी वर बघू लागले.

याच दिवसांत गुंडी माझ्या आयुष्यात आली.

गुंडी म्हणजे एक एवढीशी मुलगी. तिची आई या काठावर राहायची आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात सकाळच्या पाळीला जायची. तिचा बाबा लांबच्या मालट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आजी पलीकडच्या काठावर. आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आजीला फार वेळ घर सोडता येत नसे, आणि गुडघे तिला फार लांब जाऊ देत नसत. तेव्हा रोज सकाळी इकडून गुंडीची आई यायची, तिकडून तिची आई, म्हणजे आजी, यायची, आणि सज्ज्यात गुंडी या कडेवरून त्या कडेवर जायची.

“आज पुन्हा एकच मोजा?” आजी विचारायची.

“दुसरा भिरकावला तिनं वाटेत. मागे वळून शोधू की पाळी गाठू?”

“तुझ्यावरच गेलीय. तू तर चपला फेकायचीस.”

“आई, खोकतेय रात्रीपासून. पाणी कोमट दे, हं.”

“आता तू मला शिकव! तुला काय मी वाऱ्यावर वाढवली?”

एवढे बोलणे व्हायचे, आणि दोघी पाठ फिरवून आपापल्या काठाला लागायच्या. गुंडी आजीच्या खांद्यावरून आईची पाठ बघत राहायची. रडायची नाही. दुपारी आई पुन्हा मध्ये येणार, हे तिला पक्के ठाऊक होते. ‘मध्ये’ हा तिचा पहिल्या चार शब्दांतला एक शब्द होता.

मग एके दिवशी मला तपासायला माणसे आली. त्यांनी माझ्या अंगावर हातोड्या वाजवल्या, भेगांवर खुणा केल्या. त्यांच्यातल्या इंजिनियर बाई दोराला लटकून खाली उतरल्या आणि माझ्या तुळयांखालचा गंज त्यांनी बोटाने खरवडला. त्याचे पापुद्रेच हातात आले. वर येऊन त्यांनी वहीत लिहिले, ‘धोकादायक’. मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. त्यांचे निदान बरोबर होते. मी थकलो होतो. मला पाडून नवा, रुंद पूल बांधायचा, दोन्ही काठांचे रस्ते सरळ करायचे, चौकाचे मोठे वर्तुळ करायचे, असे ठरले. मला वाईट वाटले, पण भीतीही सरली. आपल्या पाठीवरून कोणी पाण्यात पडावे, असे कोणत्या पुलाला वाटेल?

पाडण्याआधी मोजणी झाली. मोजणीवाले दोघे होते. एक या टोकाला बसला, दुसरा त्या टोकाला. या टोकाने आत शिरून त्या टोकाने बाहेर पडला, तो पूल ओलांडणारा. आणि ज्या टोकाने आला त्याच टोकाने परत गेला, तो फिरायला आलेला.

आता तुम्हीच सांगा. माझी माणसे कोणती? दोन्ही मोजणीवाल्यांनी चोख काम केले, जागचे उठलेसुद्धा नाहीत. फक्त मध्ये काय होते, ते बघायला कोणी आले नाही. गुंडीची आई फिरायला आलेली. गुंडीची आजी फिरायला आलेली. ते दोन भाऊसुद्धा हवा खायला आलेले! आणि गुंडी एकटी खरी ओलांडणारी, पण ती कडेवर असल्यामुळे मोजलीच गेली नाही.

हे कळले ते पुलावर पाटी लागली तेव्हा. पुढच्या महिन्यापासून, नवा पूल होईपर्यंत वाट बंद. इंजिनियर बाई त्या दिवशी सज्ज्यापाशी उभ्या होत्या. आजीने त्यांना गाठले.

“बाई, पूल बंद म्हणजे चालणाऱ्यांनाही बंद?”

“हो आजी. नदीच्या खालच्या बाजूला दूर दुसरा पूल आहे, तिथून गाड्या जातील.”

“आणि आम्ही?”

“आम्ही मोजणी केली ना. चालत ओलांडणारे फार थोडे निघाले. म्हणून आराखड्यात पायी जाणाऱ्यांसाठी तात्पुरता पूल धरला नाही. बहुतेक लोक नुसते फिरायला येतात, अर्ध्यावरून परततात. त्यांच्यासाठी दोन्ही काठांना बाकं टाकणार आहोत. छान, सावलीत.”

“अगं बाई! आणि मी नातीला बाकावर बसून नदीपार फेकू की काय?”

इंजिनियर बाई आधी हसल्या. मग त्यांनी पाहिले, समोरून एक तरुण बाई धापा टाकत आली, तिने मूल पुढे केले, आजीने ते घेतले, आणि ती बाई आली तशी परत धावत गेली. इंजिनियर बाईंचे हसू विरले.

“तुम्ही रोज असंच करता?”

“आम्हीच काय, सगळेच. इथं जरा उभ्या राहा म्हणजे दिसेल.”

त्या उभ्या राहिल्या. त्यांना दिसले. मला वाटले, सुटलो! मनातल्या मनात मी त्यांच्या पाया पडलो. पण त्या म्हणाल्या, “नकाशा वरून मंजूर झालाय, आजी. मी सांगून बघते.” आणि त्यांनी खरोखरच सांगून बघितले. पुन्हा आल्या तेव्हा त्यांना आजीच्या डोळ्यांत बघवेना. “पुढच्या टप्प्यात विचार करू म्हणाले,” एवढेच त्यांना सांगता आले. वाईट त्यात कोणीच नव्हते, मित्रांनो. म्हणूनच तर कोणावर रागावताही येईना.

खालच्या पुलाने जायचे तर दोन बस बदलाव्या लागत, आणि गुंडीला पलीकडे सोडून पाळीच्या आत परत आणणारी एकही बस नव्हती.

“आई, तूच ये इकडे राहायला,” लेक शेवटी म्हणाली.

“आणि तुझ्या बाबांना कोण उठवून बसवणार? जिन्यावरून त्यांना उतरवायचं तरी कसं?”

“मग मी काम सोडते.”

“सोड. आणि घर काय वाऱ्यावर चालेल?” आजीने गुंडीला जवळ ओढले. “गुंडीला माझ्याकडेच राहू दे. सुटीला ने.”

लेकीने माझा कठडा घट्ट धरला. मी गाड्यांचे ओझे पेलले, पुराचे लोट पेलले. पण त्या हाताला आधार देणे मला जमले नाही. मला हलता येत नाही.

शेवटच्या दिवशी रोजच्यापेक्षा मोठी पिशवी होती. आईने दोन्ही मोजे नीट चढवले होते. ती नेहमीसारखीच पाठ फिरवून गेली, फक्त हळू गेली. गुंडी नेहमीसारखीच खांद्यावरून बघत राहिली. दुपारी कोणी आले नाही.

आता माझ्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले आहेत. सकाळी कामावर जाताना आई पत्र्याशेजारी काठावर उभी राहते. पलीकडे आजी गुंडीला उंच धरते. मधली नदी पलीकडचे माणूस दिसण्याइतकी अरुंद आहे, त्याचे ऐकू येण्याइतकी नाही. आई हात हलवते. गुंडी हात हलवत नाही. ती दोन्ही हात पुढे करते आणि ओरडते, “आई, मध्ये ये!”

आईला ते ऐकू येत नाही. मला येते.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणणार नाही. माझी वेळ झाली आहे आणि नवा पूल माझ्यापेक्षा चांगला होईल. गंज वेळेवर काढत चला, एवढे तर कोणताही पूल सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यापैकी कोणी पुढे इंजिनियर होईल, कोणी मोजायला टोकाशी बसेल. तेव्हा अर्ध्यावरून परत येणारा माणूस दिसला, तर उठा, त्याच्यापाशी जा आणि विचारा, ‘तिथं कोण भेटलं?’

माझ्या मधल्या तुळया उद्या उतरवणार आहेत. आज सकाळीही ती हाक आली. मी दोन्ही काठांना घट्ट धरून होतो. त्याचा आता कोणालाच उपयोग नव्हता.