रागिणीची फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. बाळापुरातल्या एका अंधाऱ्या कोठीत भिंतीला टेकून उभी आहे. माझ्यावर आता कोळी जाळी विणतो. एके काळी मात्र माझ्यावरून लहान मुले चालत असत, आणि चालता चालता शिकत असत.

आधी मी जानराव नावाच्या शेतकऱ्याच्या बैलबंडीला होते. कापसाने भरलेली ती बंडी बाजाराला निघाली की मला फार ऐट वाटे. मग पाऊस हुकू लागला. कडबा मिळेना. जानरावांनी बैलजोडी विकली आणि ते एकटेच पायी घरी आले. बैलच नाहीत तर बंडी कशाला? ती मोडली आणि मी इनायतुल्ला मिस्त्रींच्या दुकानात येऊन पडले.

तिथे एकदा नाजियाबाई आल्या. ज्या मुलांना बोलायला, समजायला जास्त वेळ लागतो, त्यांची छोटी शाळा त्या चालवीत.

"चाचा, पोरांचं पाऊल मावंल एवढी फळी पाहिजे. वीतभर उंच. कुठं टोचली नाई पाहिजे," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी मला रंधा मारला, दोन ठोकळ्यांवर बसवले आणि डोळे मिटून माझ्यावर तळहात फिरवला. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

शाळेत जानरावांची नात आली. तिचे नाव रागिणी. सहा वर्षांची झाली तरी ती एक शब्द बोलत नसे, हाक मारली तरी वळून पाहत नसे. तिची आई वच्छला रडवेली होऊन म्हणाली, "एका जागी बसतच नाई, बाई. मोठ्या शाळेनं परत पाठवलं. म्हणे, हिले काई समजत नाई."

"बसवाचं कायले मंग?" नाजियाबाई म्हणाल्या. "चालू द्या तिले."

त्यांनी रागिणीचा हात धरून तिला माझ्यावर उभे केले. तिने पाऊल उचलले की त्या म्हणत "पुढं", उतरली की "खाली", थबकली की "थांब". रोज तेच शब्द, तोच हात. रागिणीच्या पायांची बोटे मला घट्ट धरून ठेवत. बाकी वेळ भिरभिरणारे तिचे डोळे ती माझ्यावर आली की शांत होत. "थांब" म्हटले की ती थांबू लागली. पण तोंडातून शब्द काही फुटेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. वच्छला दारात उभी राहून वाट पाही.

एका सकाळी शिवम नावाचा मुलगा माझ्यावरून चालत होता. त्याला अगदी अंधुक दिसे. नाजियाबाई दुसऱ्या मुलाचा बूट बांधत होत्या. शिवमचा पाय माझ्या टोकापलीकडे अधांतरी उचलला गेला. तेवढ्यात रागिणी धावत आली, तिने त्याचा सदरा धरला आणि ओरडली, "खाली!"

शिवमने पाय अलगद जमिनीवर टेकवला. दारातली वच्छला धावत आत आली. "बोलली वं माय! माही पोरगी बोलली!"

मित्रांनो, तो शब्द ती आधी पायांनी शिकली होती.

पण सुख टिकले नाही. नाजियाबाई लग्न होऊन अमरावतीला गेल्या. त्यांच्या जागी वामनराव आले. ते वाईट नव्हते, पण वर्ग म्हणजे शांतता, एवढेच त्यांना ठाऊक होते. "हे खेळणं उचला. पोरायनं आता बसून अभ्यास कराचा," असे म्हणून त्यांनी मला कोठीत ठेवायला लावले.

भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू येई. रागिणीची धावपळ, तिला ओढून बसवण्याचा आवाज, तिचे रडणे. पुढे रडणेही थांबले. वामनरावांना वाटले, पोरगी सुधारली. मला मात्र त्या शांततेची भीती वाटली.

वच्छला भांडायला आली होती. "गुरुजी, तिले बोलनं येऊन राहिलं होतं. चालू काऊन देत नाई तुमी तिले?" त्या वर्षी कपाशी पुन्हा गेली आणि ते घर कामासाठी दूर सुरतेकडे निघून गेले. जाण्याआधी रागिणी एकदा कोठीच्या दाराशी आली होती. दाराला कुलूप होते. तिची बोटे फटीतून आत आली, थोडा वेळ चाचपडली, आणि निघून गेली.

ती आता कुठे चालते, कुणाशी बोलते, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मी लाकूड आहे, मला वाळवी लागेल. पण तुमच्या शेजारी एखादे असे मूल असेल, एका जागी न बसणारे, हाकेला ओ न देणारे, तर त्याला दामटून बसवू नका. त्याचा हात धरा आणि शेताच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, त्याच्यासोबत चाला. पावलागणिक एक शब्द बोला. उत्तर लवकर येणार नाही. तोवर तुम्ही हात सोडू नका.